आधी पगार, मग नाव

मावशी कोणालाही नाव विचारायच्या आधी पगार विचारायची. बँकेतला शिपाई असो, दवाखान्यातली सिस्टर असो, नाहीतर लग्नाच्या कपड्यांना आलेला नवरदेव असो, तिचा पहिला प्रश्न ठरलेला. काय देते बापा तुले कंपनी? समोरचा माणूस चपापला, इकडेतिकडे पाहू लागला, की ती स्वतःचा आकडा सांगून मोकळी व्हायची. मले आठ हजार भेटते, चौदा वर्षं झाली, आता तू सांग. एका नवरदेवानं तिच्यासमोर भोळेपणानं वीस हजार सांगितले आणि नवरीचा बाप गादीवरच थिजून बसला, कारण त्याला लग्न ठरवताना पस्तीस सांगितले होते. ते लग्न पुढं झालं की नाही मला ठाऊक नाही. मावशीला मात्र सेठजींनी आठ दिवस रुमाल-टॉवेलच्या काउंटरवर टाकलं होतं.

सेठजी म्हणजे आमचे मालक. कारंज्याच्या बाजारातलं आमचं कापडाचं दुकान जुनं, दोन मजली, लग्नसराईत पाय ठेवायला जागा नाही असं. साड्यांच्या भागात आम्ही सात बाया आणि पाच माणसं. मी लागले तेव्हा मावशीला तिथं दहा वर्षं झाली होती. उंच, हडकुळी बाई. चष्म्याची एक दांडी दोऱ्यानं बांधलेली. दिवसभर पैठण्या दाखवायची आणि स्वतः बारीक फुलांची सुती साडी नेसायची. नवरा कापसाच्या मार्केटात हमाल होता, तो गेल्यावर दोन लेकरं तिनं एकटीनं वाढवली. चौदा एप्रिलला ती कामावर येत नसे. त्याची सुट्टी ती मागतही नसे, आदल्या दिवशी कळवायची, पांढरी साडी स्टाफच्या भावात घ्यायची आणि जय भीम करून जायची.

आता ती मानोऱ्याला लेकीकडे असते. नोकरी सुटली ती साठीत, गुडघ्यांमुळं, सेठजींमुळं नाही, हे ती आल्यागेल्याला आवर्जून सांगते. परवा फोन केला तर नातवाला पुण्यात नोकरी लागल्याचं कळलं. मी अभिनंदन करायला लागले, तर म्हणाली, थांब, त्या जागेवर आधी जो पोरगा होता त्याले किती होता हे यानं विचारलंच नाही, येडंच हाये.

माझ्या पहिल्या दिवसाची गोष्ट सांगते. सेठजींनी मला केबिनमध्ये बसवून प्रेमानं समजावलं होतं, की पगाराची गोष्ट आपसात करायची नाही, त्यानं मनं खराब होतात, इथं आपण सगळे एक घर आहोत. मी शेतकऱ्याच्या घरची सून. आमच्या घरातून बाहेर कामाला निघालेली पहिली बाई. नवरा मोटरसायकलवरून पडून कमरेनं अधू झाला नसता तर मीही निघाले नसते. मालकाचा शब्द मला देवाघरचा वाटला. दुपारी डबा उघडला तर मावशीनं विचारलंच. मी म्हटलं, सांगायची मनाई आहे. "मंग कमी असन," ती म्हणाली आणि भाकरीचा घास तोंडात टाकला. माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला! दहा दिवस मी तिच्याशी बोलले नाही. अकराव्या दिवशी मीच तिच्या शेजारी डबा घेऊन बसले आणि सांगितलं, साडेसहा.

"कमीच हाये," ती म्हणाली. त्यावर वाद घालण्यासारखं काही नव्हतं.

विकायची तिची तऱ्हा पाहिली की नव्या माणसाला वाटे, ही बाई दुकान बुडवणार. गिऱ्हाइकाला ती चक्क रागावायची. हे नको घेऊ, दोन धुण्यात रंग सोडीन. तुह्या सासूले हा रंग चालत नाही, मागच्या वर्षी वापस आणली होती तिनं. आणि गिऱ्हाईक काय करी? दुसऱ्या खेपेला शेजारपाजार घेऊन येई आणि दारातूनच विचारी, चष्मेवाली मावशी हाये काय? मानोऱ्याकडच्या तांड्यांवरच्या बाया तर ती जेवायला बसली असली तर थांबायच्या, पण दुसऱ्या कोणाकडून साडी पाहायच्या नाहीत. सेठजींना हे दिसत नव्हतं असं नाही. त्यांना सगळं दिसायचं, म्हणून तर ते तिला काढत नव्हते आणि वाढवतही नव्हते.

दुकान बंद व्हायची वेळ आठची. लग्नसराईत मात्र बरोबर आठला सेठजी सगळ्यांसाठी चहा मागवायचे. आलं घातलेला, चांगला चहा. तो प्यायला की समजायचं, आता घड्या घालायला तासभर थांबायचं आहे. दिवसभर उलगडलेल्या साड्यांचा ढीग बायांनीच घडी करून लावायचा, हे ठरलेलंच. माणसं आठला मोटरसायकलला किक मारून जायची. मावशी चहा घेत नसे. "लय महाग हाये हा चहा," एवढं म्हणून पिशवी उचलायची आणि पायऱ्या उतरायची. मला तिचा हेवा वाटायचा आणि रागही यायचा, कारण तिच्या वाटणीच्या घड्या आमच्यावर पडायच्या. एकदा मी तसं बोलून दाखवलं. ती म्हणाली, राग बराबर हाये, पत्ता चुकला.

तर शिडीचं प्रकरण. साड्यांचा जास्तीचा माल वर माळ्यावर असायचा. गिऱ्हाईक म्हणालं, याच्यातच दुसरा रंग दाखवा, की कोणीतरी शिडीनं वर चढायचं आणि गठ्ठा खाली फेकायचा. मावशीनं एव्हाना सगळ्यांचे आकडे गोळा केले होते, माणसांचेही. जुन्या माणसांना अकरा हजार, जुन्या बायांना आठ. ती सरळ केबिनमध्ये गेली. सेठजींनी नेहमीसारखं आधी जेवण झालं का ते विचारलं, मग शांतपणे सांगितलं की मावशी, माणसं शिडीवर चढतात, जोखमीचं काम आहे.

दुसऱ्या दिवशी भर गिऱ्हाइकीत मावशीनं पदर खोचला आणि शिडी चढली. पंचावन्न वर्षांची बाई! सेठजी गल्ला सोडून धावले. अहो पडाल, उतरा खाली. मावशी माळ्यावर बैठक मारून बसली होती, धुळीनं शिंकत होती. वरूनच म्हणाली, "तीन हजार वरच ठेवले होते ना सेठ? तेच पाहाले आली."

खाली बसलेली गिऱ्हाइकं हसली. सेठजीही हसले, कारण ते हुशार होते. त्या दिवसापासून महिनाभर आम्ही सातही जणी आळीपाळीनं शिडी चढलो. पहिल्या दिवशी मी शिडी दोन्ही हातांनी कवटाळून एकेक पायरी चढले, चौथ्या दिवशी मी वरून गठ्ठा असा फेकायची की खालचा माणूस बाजूला व्हायचा. महिना संपला. पगार तेवढाच. आता सेठजींचं म्हणणं असं, की शिडीचं सोडा, माणसांना घर चालवायचं असतं.

मावशी चिडली ती मी तेव्हा पाहिली. आमच्या पाच माणसांत दोघं बिनलग्नाची होती, आईच्या हातचं जेवत होती. सात बायांत चौघींचं घर त्यांच्याच पगारावर चालत होतं, त्यांत मीही. घर पाहून पगार द्यायचा असेल तर मग सगळ्यांची घरं पाहा, तिनं केबिनमध्ये सांगितलं. "माह्या नवऱ्याले पोत्यामागं हमाली भेटे, सेठ. पोतं कोणाच्या पाठीवर हाये, त्याच्या घरी खाणारे किती हायेत, हे व्यापाऱ्यानं कधी इचारलं नाही. पोतं पोचलं का, एवढंच पाहे." सेठजी म्हणाले, मावशी, आपलं दुकान म्हणजे मार्केट नाही, घर आहे. त्यावर तिनं विचारलं, घर असेल तर एक दिवस मला गल्ल्यावर बसू देता काय. या प्रश्नाचं उत्तर आम्हांला अजून मिळालेलं नाही.

त्या उन्हाळ्यात मानोऱ्याजवळच्या एका गावाहून बस्ता आला. बस्ता म्हणजे लग्नाची सगळी कापडं एका दिवशी, एका दुकानात. नवरीच्या शालूपासून मामाच्या टोपीपर्यंत. दोन गाड्या भरून तीस-बत्तीस माणसं सकाळीच उतरली. अशा दिवशी दुकानाचा आठवडा निघतो. सेठजी स्वतः दारात हात जोडून उभे. आणि आम्ही सात बाया मागच्या भिंतीला टेकून कालच्या साड्यांच्या घड्या घालत होतो.

सेठजींनी खुणावलं. मावशी उठली नाही. "आठ हजारात घड्या येते, सेठ. बस्ता अकरा हजारवाले दाखवतीन." आवाज मोठा नव्हता, पण पहिल्या दोन रांगांना ऐकू गेला असावा. माझी लेक तेव्हा वाशीमला नर्सिंगला होती आणि फी भरायची तारीख पंधरा दिवसांवर होती. नोकरी गेली तर तिचं वर्ष जाणार, हे मला हातातल्या साडीपेक्षा जास्त स्पष्ट दिसत होतं. तरी मी घडी घालत राहिले. का, ते विचारू नका. तेव्हा शेजारी मावशी बसली होती, एवढंच सांगता येईल.

आमची माणसं काही वाईट विक्रेते नव्हती. पण बस्त्याचं त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी आल्याबरोबर भारी माल काढला आणि भाव पुकारायला सुरुवात केली. बस्त्यात आधी माणसं ओळखायची असतात. नवरदेवाच्या माम्या किती, त्यांतली थोरली कोणती, कोणाचं कोणाशी पटत नाही, हे चहा देता देता काढून घ्यायचं, आणि दोघी माम्यांपुढं एकाच भावाच्या, एकाच काठाच्या साड्या ठेवायच्या. आमच्या माणसानं धाकट्या मामीला रुंद काठाची साडी दिली आणि थोरलीला तिच्याहून दोनशेनं कमी भावाची, अरुंद काठाची. चिठ्ठी वरच लावलेली. थोरलीनं भाव वाचला, साडी खाली ठेवली आणि म्हणाली, आम्ही आलोच कशाला? तिचा नवरा उठला. त्याच्यामागं त्याचे भाऊ उठले. नवरदेवाचा बाप समजूत घालायला गेला तर त्यालाच चार शब्द ऐकावे लागले. अर्ध्या तासात बत्तिसातली वीस माणसं चपला शोधत होती आणि समोरचा दुकानदार त्याच्या दारात येऊन उभा राहिला होता.

सेठजी मागं आले. कपाळावर घाम. "मावशी, सांभाळा आता."

"किती?"

"उद्या बसून बोलू ना."

"बस्ता आज हाये."

नवरदेवाची आजी जवळच गादीवर पाय पसरून बसली होती. तिनं विचारलं, काय भानगड हाये वं बाई? मावशीला तर कोणी विचारायचाच अवकाश. तिनं सगळं सांगितलं. स्वतःचा आकडा, माणसांचा आकडा, माळा, शिडी, चहा. आजीनं ऐकून घेतलं आणि सेठजींकडं वळून म्हणाली, "मंग देऊन टाका ना बाप्पा. आमचा दिवस कायले खराब करून राह्यले?"

सेठजींनी चारचौघांत मान हलवली. सारखा करतो, म्हणाले. मावशी उठली, चष्मा पुसला आणि थेट थोरल्या मामीशेजारी जाऊन बसली. साडीचं नावच काढलं नाही. तुमच्या लग्नातली साडी कोणती होती, एवढंच विचारलं. दीड तासात दोन्ही माम्या एकमेकींच्या खांद्यावर पदर टाकून आरशात पाहत होत्या. बस्ता पूर्ण झाला, आणि त्या संध्याकाळी चहा आला नाही.

हे इथंच संपलं असतं तर मी ही गोष्ट छाती फुगवून सांगितली असती.

तीन दिवसांनी सेठजींनी आम्हांला एकेकीला केबिनमध्ये बोलावलं. पहिली मी. त्यांना माणसं ओळखता यायची. लेकीची फी कधी आहे, आधी हेच विचारलं. मग म्हणाले, तुमचा पगार पुढच्या महिन्यापासून अकरा करतो, शब्द दिला तो पाळणार, फक्त दुकानाच्या शिस्तीसाठी एका कागदावर सही लागेल. टाइप केलेला कागद होता. मावशीनं आम्हांला काम न करण्यासाठी भडकवलं, यापुढे आम्ही तिचं ऐकणार नाही, असं त्यात होतं. मी तो वाचला. न वाचता सही केली असं सांगायची सोय होती, ती मी कधी घेतली नाही. वाचला, लेक डोळ्यांपुढं आली, आणि सही केली. माझी सही वर दिसल्यावर बाकीच्या पाच जणींनीही केली. संध्याकाळी मावशीला सांगण्यात आलं की उद्यापासून येऊ नका.

ती आमच्याकडं न पाहता पायऱ्या उतरली. मला माझीच किळस आली होती, आणि त्याहून वाईट म्हणजे आनंदही झाला होता, अकरा हजारांचा. दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी मी तिच्या वस्तीत गेले. ती अंगणात खाटेवर ज्वारीचे धापोडे, म्हणजे उन्हात वाळवायचे पातळ पापड, घालत होती. मला पाहून तिनं बस म्हटलं नाही, हातात पिठाची वाटी दिली. मी एक धापोडा घातला. दुसरा घालताना म्हटलं, "मावशी, मी सही केली."

"मालूम हाये. पह्यली तुहीच होती." हात चालूच. "कितीत?"

"अकरा हजार."

"कधीपासून?"

"पुढच्या महिन्यापासून."

"कागदावर लिहिलं हाये?"

कागद मला पाठ होता. त्यात मावशी होती, शिस्त होती, आम्ही सहा जणी होतो. पगाराचं एक अक्षर नव्हतं. चार वर्षं कापड विकणारी बाई मी, आणि हे आत्ता माझ्या ध्यानात येत होतं.

मावशीनं चमचा खाली ठेवला. "माह्याबद्दल लेखी अन् पगाराबद्दल तोंडी?" ती पहिल्यांदाच माझ्याकडं नीट पाहत होती. "पोरी, गिऱ्हाइकाले रुमाल बी आपण बिलाशिवाय देत नाही. अन् मले अशीच बिनबिलाची देऊन टाकली?"

मी रडायला लागले. ती वैतागली. पिठात पाणी पाडू नको, म्हणाली. मग तिनं आणखी दोन धापोडे घातले. नंतर बोलली ते हळू. "वाईट त वाटलं. नाही कसं वाटन? पण तुह्या लेकीची फी मले मालूम हाये, त्याचा राग नाही. इकाचंच होतं त इकाव माणसानं. पण एवढ्या सस्त्यात? चौदा वर्षांचा माल हाये मी."

त्या दिवशी आम्ही खाटभर धापोडे घातले. मी घरी न जाता एकेकीच्या दारात गेले. एकीनं दार लावून घेतलं. तिच्या दारात मी तासभर बसले, शेवटी तीच चहा घेऊन बाहेर आली आणि शेजारी बसली.

सकाळी दुकान उघडल्याबरोबर आम्ही सहाही जणी केबिनमध्ये उभ्या राहिलो. बाहेर एका बस्त्याची गाडी लागत होती. सेठजींनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि माझ्यावर थांबवली. काय झालं, त्यांनी मलाच विचारलं, मायेनं. पहिली सही माझी होती, त्यामुळं पहिलं बोलणंही माझ्याकडंच होतं.

"तो कागद काढा सेठजी. सौदा मोडला. भाव पटला नाही."

बाहेरून कोणीतरी विचारलं, चष्मेवाली मावशी कुठं हाये? मग त्यांनी ड्रॉवर उघडला आणि कागद टेबलावर ठेवला. आता फाडणार ही, असं त्यांना वाटलं असावं, माझ्या मागच्या बायांनाही तसंच वाटलं. मी त्यांच्याच खिशातलं पेन मागून घेतलं. तिचं ऐकणार नाही, ही ओळ खोडली, आणि कागद त्यांच्याकडं फिरवला.

"मावशीनं भडकवलं, ते राहू द्या," मी म्हटलं. "ते खरं आहे. त्याच्याखाली मावशीसकट सातही जणींचा पगार लिहा, आणि तुम्ही सही करा."